आप्पांनी टाकलेला बिबट्या

नेटवर दिसलेली गोष्ट खरी की खोटी हे कसं ओळखायचं, ते मुलांना शिकवा, असं आम्हा शिक्षकांना वरून आलं तेव्हा मला खरोखर आनंद झाला होता. आता आठवलं की माझंच मला हसू येतं, आणि ते हसू संपायच्या आत संताप येतो.

पुण्याला प्रशिक्षण झालं. थंडगार हॉल, दुपारी पुलाव, आणि पडद्यावर एकामागून एक प्रश्न दाखवणारा एक चटपटीत तरुण. माहिती देणारा कोण आहे? तो ओळखीचा आहे का? त्याला अनुभव आहे का? समाजात त्याचं काही नाव आहे का? मी सगळं मन लावून उतरवून घेतलं. मी राहते दौंडला आणि शाळा शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठच्या एका गावात. सकाळी एसटी, पुढे वडापची, भरेल तशी सुटणारी जीप. त्या जीपमध्ये मांडीवर पिशवी घेऊन बसल्या बसल्या मी दहावीच्या वर्गासाठी कागद तयार केले. घरच्या फोनवरचा एक मेसेज निवडा आणि तो विश्वसनीय आहे का ते कारणासह लिहा.

कागद तपासायला घेतले आणि कपाळावर हात मारला. निम्म्याहून जास्त वर्गाने एकच मेसेज निवडला होता, कुठल्याशा पाल्याचा रस प्याला की मुतखडा रातोरात विरघळतो म्हणे. आणि उत्तरही एकच. ‘विश्वसनीय आहे, कारण आप्पांनी टाकला आहे. आप्पा ओळखीचे आहेत. आप्पांना अनुभव आहे. आप्पांचे समाजात नाव आहे.’ लाल पेन उघडून मी तशीच बसले. चूक म्हणून काट मारायची तरी कशावर? मी दिलेले सगळे प्रश्न पोरांनी प्रामाणिकपणे सोडवले होते. पुण्यातल्या त्या हॉलमध्ये बातमी कुठल्या तरी वेबसाइटवरून येत असेल. आमच्याकडे बातमी माणसाकडून येते, आणि तो माणूस कुणाचा तरी चुलता नाहीतर मामा असतो. त्याला ‘तुमचा स्रोत काय’ असं विचारून दाखवा तुम्ही!

आप्पा म्हणजे गावचे माजी सरपंच. शाळेच्या समितीवर तेच, आणि शिक्रापूरच्या कंपन्यांत गावातलं पोरगं चिकटवायचं असेल तर ठेकेदाराला फोनही तेच करणार. माणूस वाईट असता तर किती सोपं झालं असतं! पण अडलेल्या बाळंतिणीला स्वतःच्या गाडीत घालून दौंडला नेणारेही आप्पाच. गावाचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, त्यात मुख्याध्यापकांनी आम्हा शिक्षकांनाही घालून ठेवलंय. आप्पा सकाळी त्यावर काहीतरी टाकतात आणि खाली जोडलेल्या हातांची रांग लागते. वाचलं का, पटलं का, तो प्रश्नच नाही. हात जोडायचे. ती हजेरी असते. कुणी चुकला तर आप्पा पारावर हसत हसत विचारतात, ‘‘काय रं, काल तुझं हात दिसलं न्हाईत?’’ हसतच विचारतात, पण दुसऱ्या दिवशी त्याचे हात सगळ्यांच्या आधी येतात.

त्या गठ्ठ्यात एकाच मुलीने वेगळं लिहिलं होतं. ‘आप्पा विश्वसनीय आहेत. पण हा मेसेज आप्पांनी लिहिलेला नाही, त्यांनी फक्त पुढे पाठवला आहे. लिहिणारा कोण ते माहीत नाही, म्हणून सांगता येत नाही.’ अगं बाई! मी तो कागद घेऊन शिक्षकांच्या खोलीत गेले आणि मोठ्याने वाचून दाखवला. प्रशिक्षण देणाऱ्यालाही जे सुचलं नव्हतं ते या पोरीने चार ओळींत लिहिलं होतं.

आजोबांपर्यंत तिचं घर मेंढरांमागे हिंडणारं. वडील पहिल्यांदा एका जागी टेकले, शिक्रापूरला एका कंपनीत ठेकेदारामार्फत लागले, अर्थातच आप्पांच्या फोनवर. दहावीच्या वर्गापर्यंत आलेली त्या घरातली ही पहिली मुलगी. अकरावीला शिरूरला जायचं हे तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं. वडिलांनी हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. दहावी नीट पार पडली तर हो, अडली तर लग्न, एवढा सरळ हिशेब होता, आणि तो तिला माझ्याइतकाच ठाऊक होता.

मग मलाही हुरूप आला आणि मी पुढचं शिकवलं. फोटोवरून जुना फोटो कसा शोधायचा, व्हिडिओ थांबवून मागची पाटी, गाड्या, झाडं कशी बघायची. पोरं खूश. ती तर शाळा सुटल्यावरही पाठ सोडायची नाही.

दिवाळीनंतर ऊसतोड सुरू झाली. फड मोकळे व्हायला लागले की बिबटे बाहेर पडतात. बिबट्या आमच्याकडे खोटा नाही, हे आधी सांगून ठेवते. कुत्री जातात, शेळ्या जातात, माणसाच्याही जिवावर बेततं. म्हणून तर खोट्या बिबट्याची मला जास्त चीड. खरा कुठे दिसला, कुठल्या रस्त्याने जाऊ नये, हे आम्हाला रोज विचारून निघावं लागतं. त्यात कुणी खोटे सोडले तर खऱ्याची बातमी ओळखायची कशी?

एका संध्याकाळी आप्पांनी ग्रुपवर व्हिडिओ टाकला. कालव्याकडेचा रस्ता, सायकलवर एक मुलगी, बाजूच्या गवतातून बिबट्याची झेप, किंकाळी, संपलं. खाली लिहिलेलं, ‘आपल्या शाळेच्या रस्त्यावर काल सायंकाळी. पालकांनी मुलींना शाळेत पाठवू नये.’ बघता बघता हात जोडले गेले.

दुसऱ्या दिवशी वर्गात पाऊल टाकलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुलींच्या बाजूचे सगळे बाक रिकामे. मुलांच्या बाजूला एक जागा मोकळी नाही. त्याच रस्त्याने आलेले, त्याच उसाच्या कडेने, त्याच सायकलींवरून.

‘‘का रे,’’ मी विचारलं, ‘‘तुम्हाला बिबट्या धरत नाही?’’

‘‘आमचं काय मॅडम,’’ मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, ‘‘आमी काठी घिऊन आलू.’’

‘‘मग बहिणीला का नाही मागे बसवून आणलं? काठी होती ना?’’

बिबट्या काय हजेरीपट वाचून येतो? मुलगा की मुलगी हे आधी बघतो आणि मग झेप घेतो? काल तर गोऱ्हा नेल्याची गोष्ट सांगत होते हेच लोक. पण व्हिडिओत सायकलवर मुलगी होती ना, म्हणजे बिबट्याला मुलीच आवडतात. अक्कल गहाण टाकणं म्हणतात ते हेच. मी त्या दिवशी काही शिकवलं नाही, नुसती बडबडत राहिले. पोरं बिचारी निमूट ऐकत होती. त्यांचा तरी काय दोष म्हणा.

दुपारच्या सुट्टीत त्या वेगळं लिहिणाऱ्या मुलीचा फोन आला. तिच्या घरात मोठा फोन एकच, वडिलांचा. ते रात्रपाळी करून दिवसा झोपायचे तेवढा वेळ तो तिला अभ्यासाला मिळायचा. ती दबक्या आवाजात, पण इतकी भराभर बोलत होती की मला दोनदा थांबवावं लागलं.

‘‘मॅडम, मी थांबवून थांबवून बघितलाय. त्या रस्त्यावरनं एक गाडी जाती ना, ती उजवीकडनं चाललीय. आपल्याकडं डावीकडनं चालत्यात. आन् मॅडम, मी तुमी शिकवलं तसा शोधला पण. लय जुना हाय. कुठल्या तरी परदेशातल्या पानावर हाय, अक्षरं पण वाचता येत न्हाईत.’’

माझा ऊर भरून आला. मी तिला दोन-तीनदा शाबास म्हटलं.

‘‘ग्रुपवर टाकू का मॅडम? म्हंजी उद्या सगळ्या जणी येतील शाळेत.’’

‘‘टाक,’’ मी म्हणाले. आजही विचारलं तरी टाकच म्हणेन. शिकवायचं आणि वर वापरू नको म्हणायचं, असली शिकवणी मला जमत नाही.

तिने नीट लिहिलं होतं. उलटं बोललेली नव्हती. ‘आप्पा, हा व्हिडिओ आपल्या गावचा नाही, परदेशातला जुना आहे. गाडी उजव्या बाजूने चालली आहे ते बघावे. मुलींना शाळेत पाठवायला हरकत नाही.’ सोबत जुन्या पानाचा फोटो. पण नंबर वडिलांचा! अख्ख्या गावाने वाचलं ते असं, की कालपर्यंत मेंढरांमागे हिंडणाऱ्या घरातल्या माणसाने, ज्याला आप्पांनी नोकरीला लावलं त्याने, भर ग्रुपवर आप्पांना खोटं पाडलं.

मग एकेक मेसेज सुरू झाले. ‘आप्पांपेक्षा जास्त कळाया लागलं काय?’ ‘शिक्रापूरला गेलं की मानूस लय शाना हुतो.’ ‘खाल्ल्या घरचं वासं मोजतोय.’ मी परतीच्या जीपमध्ये बसून वाचत होते. एकानेही, अहो एकानेही तो व्हिडिओ परत उघडून बघितला नाही. गाडी डावीकडे का उजवीकडे, एवढं बघायला काय लागतं? डोळे! पण सगळे डोळे त्या एका नंबरावर लागलेले. झोपेतून उठलेल्या त्या माणसाला धड कळेना की आपण लिहिलंय तरी काय. फोन वाजतोय, आणि जो तो शिव्या घालतोय.

वडील तसेच उठून आप्पांच्या घरी गेले, पाया पडले, पोरीने लिहिलं म्हणून सांगितलं. घरी आले आणि फोन लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं. बाकीच्या मुली दोन-तीन दिवसांत एकेक करून परत आल्या. बिबट्या गेला की काय, कुणी विचारलं नाही. ही मात्र आली नाही.

मी मुख्याध्यापकांकडे गेले. मनुष्य सभ्य, पण काखा वर करण्यात तरबेज.

‘‘मॅडम, तुम्ही उगाच पेटलात. समितीवर आहेत ते. आणि तुमच्या शिकवण्यातूनच झालंय हे सगळं.’’

‘‘सर, आदेश कुणी दिला होता शिकवायचा?’’

‘‘शिकवायचा होता हो. इतकं मनावर घ्यायचं कुणी सांगितलं होतं?’’

हे त्यांनी अगदी सरळपणे म्हटलं. त्यावर मला जे सुचलं ते बोलले असते तर आज नोकरीत नसते.

रविवारी तिच्या घरी गेले. वडिलांनी खुर्ची पुसून दिली, आईने चहा ठेवला. ती बाहेर मोरीवर भांडी घासत होती. भांड्यांचा आवाज मध्येच थांबायचा, म्हणजे ऐकत होती.

‘‘तिने लिहिलं त्यात खोटं काय होतं?’’ मी विचारलं.

‘‘खोटं कायबी न्हाई मॅडम,’’ वडील म्हणाले. ‘‘मी सोता बघितला. गाडी उजवीकडनंच चाललीय. खरं हाय पोरीचं.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय मॅडम. ठेकेदार दर वर्साला नवी माणसं घेतो. आप्पांचा फोन गेला तर मी राहतो, न्हाई गेला तर गेलो. आता आप्पा म्हणत्यात, शाळंत जाऊन पोरगी हेच शिकती का? त्यांच्या शब्दाबाहेर कसं जाऊ, तुमीच सांगा.’’ मग कपबशी माझ्यापुढे सरकवत म्हणाले, ‘‘यवतकडचं एक स्थळ आलंय. मानसं बरी हायती.’’

बाहेर भांड्यांचा आवाज पूर्ण थांबला. मी चहाचा कप तसाच खाली ठेवला. मी तिथून उठले ती थेट आप्पांच्या घरी.

आप्पा ओट्यावरच होते. ‘‘या बाई, बसा,’’ म्हणाले, आत आवाज देऊन पाणी मागवलं. मी पाणी घेतलं आणि सरळच विचारलं, ‘‘आप्पा, तो व्हिडिओ आपल्याकडचा नाही. तुम्हाला माहीत आहे ना?’’

मला वाटलं होतं ते चिडतील, नाही म्हणतील, निदान टाळतील. ते हसले.

‘‘आता काय सांगायचं बाई तुमाला. टाकतानाच म्हायती हुतं. ह्यो कालवा काय आपला हाय व्हय? मला आंधळा समजता का?’’

‘‘मग टाकलात कशाला?’’

‘‘बिबट्या हाय का न्हाई आपल्याकडं?’’

‘‘आहे.’’

‘‘झालं तर मग. नुसतं ‘संबाळून ऱ्हावा’ म्हणून सांगितलं तर कोन ऐकतं? दावलं की भ्या वाटतं. पोरी दोन दिस घरी बसल्या तर काय आभाळ कोसळलं? जीव तर वाचला.’’

इतके दिवस मी पोरांना शिकवत होते की माणसं फसतात म्हणून खोटं पुढे जातं. फसलेल्याला जागं करता येतं. इथे कुणी फसलेलंच नव्हतं! आप्पांना ठाऊक, वडिलांना ठाऊक, मुख्याध्यापकांना ठाऊक, ग्रुपवर शिव्या घालणाऱ्या निम्म्यांनाही ठाऊक असणार. पुण्याच्या त्या पडद्यावर यासाठी एकही प्रश्न नव्हता.

‘‘आप्पा, तिची दहावी जाईल. लग्न लावून देतील.’’

‘‘मी कुटं म्हणलो लगीन लावा म्हणून?’’ आप्पा खरोखर दुखावल्यासारखे बोलले. ‘‘हुशार पोर हाय. शिकू दे की. माझं एवढंच म्हणणं, ग्रुपवर नासलं ते ग्रुपवरच नीट व्हावं. तिनं लिवावं, की व्हिडिओ आपल्याकडचाच हाय, माझ्याकडनं चूक झाली. उद्यापास्नं खुशाल शाळंत येऊ दे. ठेकेदारालाबी मी आजच फोन करतो.’’

‘‘म्हणजे शाळेत यायचं तर आधी खोटं लिहायचं?’’

‘‘एक ओळ हाय बाई. तुमी लय ताणता.’’

मी काहीतरी तोडून बोलले. काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आप्पा शांतपणे म्हणाले, ‘‘पानी घ्या आजून.’’

सोमवारी सकाळी एसटीत फोन उघडला तर मेसेज आलेला होता. ‘तो व्हिडिओ आपल्या शाळेच्या रस्त्यावरचाच आहे. मी चुकीचे लिहिले. आप्पा, मला माफ करा.’ या वेळी खाली तिचं नाव घालायला लावलं होतं, चूक कुणाची ते गावाला कळावं म्हणून. त्याखाली हातांची ही रांग! मुख्याध्यापकांचेही त्यात होते.

मी तिथेच लिहायला घेतलं. मुलीचं पहिलं म्हणणं बरोबर होतं, व्हिडिओ परदेशातला आहे, आणि हे टाकणाऱ्यालाही माहीत होतं. सगळं लिहून झालं. बोट पाठवायच्या खुणेवर होतं, आणि मला पाठवता आलं नाही. पाठवलं की त्याच दिवशी ती पुन्हा मोरीवर जाणार. परीक्षा होईपर्यंत थांबू म्हटलं, तर परीक्षेनंतर अकरावी आहे. अकरावीनंतर बारावी. तिचं शिक्षण कायम कुणाच्या तरी फोनवर, आणि तोवर माझं तोंड बंद. म्हणजे तिला शाळेत आणून बसवून त्यांनी मलाच गप्प केलं होतं. एसटीत शेजारच्या बाईने विचारलं, काय झालं, बरं नाही का? मी म्हटलं, काही नाही, ऊन लागतंय.

ती वर्गात आली होती. पहिल्या बाकावर, वेणी घट्ट घातलेली. बाकीच्या मुली तिच्याकडे बघत होत्या आणि ती फळ्याकडे. मला काय करावं कळेना, म्हणून मी ठरलेला तास घेतला. एक खरी बातमी, एक खोटी, फळ्यावर लिहिल्या आणि ओळखा म्हणून सांगितलं.

तिने हात वर केला. उभी राहिली. कुठली खोटी ते सांगितलं, का ते सांगितलं, अगदी बिनचूक. तरी बसली नाही.

‘‘अजून काही आहे का गं?’’ मी विचारलं.

‘‘खरं काय ते वळखता येतं मॅडम मला,’’ ती म्हणाली. ‘‘पण वळखलेलं तोंडावर दिसतं म्हणत्यात घरचे. ते दिसू द्यायचं नसलं तर काय करायचं, ते शिकवा.’’

टोमणा नव्हता तो. वही उघडून, पेन हातात घेऊन विचारत होती. आणि ते मला येत होतं, हीच तर आग होती. मला येतं, तिच्या आईला येतं, आमच्यातल्या प्रत्येकीला लहानपणापासून येतं.

‘‘ते मी शिकवणार नाही!’’ मी ओरडले. आवाज इतका चढला की शेजारच्या वर्गातली कविता थांबली. पोरं दचकली. एक-दोघी रडवेल्या झाल्या.

तीच एक दचकली नाही. ‘‘बरं मॅडम,’’ म्हणाली आणि खाली बसली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले, आणि त्यावर मला काही म्हणजे काही दिसलं नाही.